पूरक आहार आणि नित्याचे औषध : एक विचार

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून कर, तोलमाप, उधारी, पतपुरवठा इत्यादी व्यापारविषयक प्रश्नांची चर्चा होत असते, व ती व्हावयासच हवी. यंदा मात्र आम्ही वाचकबंधुभगिनींपुढे जो विषय ठेवीत आहोत, त्याचा संबंध दुकानाशी जितका आहे तितकाच घराशीही आहे. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग, थायरॉइड यांसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या व्याधींवर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध सोडून त्याऐवजी एखादे चूर्ण, कॅप्सूल अथवा 'पूरक आहार' म्हणून विकली जाणारी डबी घ्यावी काय, हा तो विषय होय.

कोलार रोडवर ज्यांची दुकाने आहेत त्यांस या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. चुनाभट्टीपासून गोलजोडपर्यंत हा रस्ता पाहता पाहता वाढला. सर्वधर्म, ललितानगर, नयापुरा, बैरागढ चिचली अशा वसाहतींतून निवृत्त मंडळी मोठ्या संख्येने राहावयास आली. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन राजधानी भोपाळास आली, तेव्हा नागपुराहून सरकारी नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढीही त्यांत आहे. या मंडळींच्या घरी तुरीच्या डाळीइतकीच नियमाने रक्तदाबाची गोळी लागते. आणि ज्या फडताळावर पूर्वी आम्ही ज्येष्ठमध, हिरडा व ईसबगोल ठेवीत होतो, त्याच फडताळावर आता रंगीत डब्यांची रांग उभी आहे.

हा लेख लिहावयास जे निमित्त झाले ते प्रथम सांगितले पाहिजे.

आमच्या दुकानी वर्षानुवर्षे येणारे एक निवृत्त सरकारी हिशेबनीस होते. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू. गृहस्थ अत्यंत टापटिपीचे. किराण्याची यादी लिहितानाही वजन व भाव यांचे रकाने आखून आणीत. मधुमेहावर त्यांस बारा वर्षांपासून गोळ्या चालू होत्या. एके दिवशी त्यांनी आमच्या फडताळावरील एका डबीविषयी विचारले. डबीवर जांभळाची बी, कारले, मेथी व गुडमार यांची चित्रे होती. आम्ही म्हणालो, "अण्णा, पुष्कळ लोक नेतात. गुण येतो म्हणतात." एवढेच आमचे वाक्य. पुढे दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले, "शेठ, गोळ्या बंद केल्या. तुमची डबी लागू पडली. सकाळची साखर अगदी ठीक आहे." आम्हीही हसलो, व पुढची डबी बांधून दिली.

त्यानंतर आठ महिन्यांनी अण्णांच्या उजव्या पायास चपलेचा घट्टा पडला. जखम त्यांस कळलीच नाही, कारण पायाची संवेदना गेली होती. इस्पितळात नेले तेव्हा अंगठा काढावा लागला. काकू एके दिवशी दुकानी आल्या आणि अर्धी उरलेली डबी त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवली. "ही परत घ्या. पैसे नकोत. घरात ठेववत नाही," इतकेच त्या बोलल्या. दोष त्यांनी कोणास दिला नाही. परंतु साखरेच्या पोत्यावर जो नफा आम्हांस मिळत नाही, तो या डब्यांवर मिळत होता, हे आमच्या वहीत नोंदलेलेच होते. त्या दिवसापासून या विषयाचा जो अभ्यास आम्ही केला, त्याचे सार पुढे देत आहोत.

तीन शब्दांचा भेद

आहार, पूरक आहार व औषध हे तीन शब्द आपण बोलताना एकमेकांत मिसळतो. कायदा मात्र ते वेगळे ठेवतो. औषधांवर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे नियंत्रण आहे. ज्या औषधाच्या वेष्टनावर 'आरएक्स' ही खूण असते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ते कोणत्या रोगावर, किती मात्रेत व कितपत गुण देते, याचा पुरावा प्रयोगांनी द्यावा लागतो.

पूरक आहार हा मात्र अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली येतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो अन्नच होय. त्याविषयीचे तपशीलवार नियम २०१६ साली प्रसिद्ध झाले व १ जानेवारी २०१८ पासून अंमलात आले. त्यांनुसार अशा डबीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशी सूचना छापावी लागते. वाचकांनी आपल्या घरातील डबी हाती घेऊन पाहावी. पुढच्या बाजूस मोठ्या अक्षरांत आशा छापलेली असते आणि मागच्या बाजूस बारीक अक्षरांत ही सूचना असते. आम्ही स्वतः शेकडो डब्या विकल्या. परंतु अण्णांची डबी परत येईपर्यंत ती ओळ आम्ही वाचली नव्हती. अमेरिकेतही १९९४ च्या कायद्याने हीच वाट घेतली आहे. तेथेही पूरक आहार विक्रीस आणण्यापूर्वी त्याचा गुण सिद्ध करून दाखविण्याचे बंधन उत्पादकावर नाही.

याचा अर्थ पूरक आहार वाईट असा मुळीच नाही. आहारात जे कमी पडते ते भरून काढणे हे त्याचे काम होय. व्याधी आटोक्यात ठेवणे हे त्याचे काम नव्हे, आणि ते काम तो करतो असा पुरावा त्याच्याकडे कोणी मागितलेलाही नसतो.

वनस्पतीपासून औषधापर्यंत : मुंबईचे उदाहरण

येथे कोणी म्हणेल की, आमच्या पूर्वजांनी वनस्पतींवरच व्याधी बऱ्या केल्या. मग आज वनस्पतीवर अविश्वास का? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर देणारा इतिहास मुंबईतच घडला आहे.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्या देशात प्राचीन काळापासून ठाऊक आहे. झोप येण्यासाठी, उन्मादावर व सर्पदंशावर तिचे मूळ देत असत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर प्रयोग केला. त्यांनी पन्नास रुग्णांचा रक्तदाब मोजून, मात्रा ठरवून व नोंदी ठेवून आपला निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्याच मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले, आणि रक्तदाबाच्या आधुनिक औषधोपचारास जगभर चालना मिळाली. १९५७ साली डॉक्टर वकील यांस अमेरिकेचा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

या कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. रेसर्पिनची मात्रा अधिक झाल्यास काही रुग्णांस तीव्र औदासीन्य येते, असे दिसून आले. मात्रा मोजलेली होती म्हणूनच हा दोष ध्यानात आला, मात्रा कमी करता आली, आणि पुढे अधिक निर्धोक औषधे निघाल्यावर ते मागेही घेता आले. मुळाची पूड चिमटीने घेणाऱ्यास यांपैकी काहीच कळले नसते. एका मुळात द्रव्य किती आणि दुसऱ्यात किती, हे पूड सांगत नाही.

मधुमेहावरील मेटफॉर्मिन या सर्वत्र दिल्या जाणाऱ्या गोळीचे मूळही युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीकडे जाते. तिच्यातील द्रव्य साखर उतरवी, पण ते विषारी होते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याच जातीचे सौम्य द्रव्य तयार केले, व १९५७ साली फ्रान्समध्ये डॉक्टर जाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. तेव्हा 'वनस्पती की गोळी' असा झगडा मुळात नाहीच. ज्याचा गुण, मात्रा व दोष तपासले गेले आहेत ते आणि ज्याचे तपासले गेलेले नाहीत ते, असा हा भेद आहे.

आपल्या मध्य भारताच्या जंगलात होणाऱ्या बिवळ्याचे, म्हणजे विजयसाराचे, उदाहरण येथे देण्याजोगे आहे. त्याच्या लाकडाचे पेले आपल्या बाजारात विकले जातात. रात्री त्यात पाणी ठेवून सकाळी पितात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने विजयसाराची चाचणी घेऊन तिचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध केला. नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. हे फळ आशादायक खरे. परंतु ते रुग्ण सौम्य व नव्या मधुमेहाचे होते, त्यांस दिला तो मोजलेला अर्क होता, आणि तुलनेसाठी औषध न घेणारा दुसरा गट नव्हता. या चाचणीवरून बारा वर्षांच्या मधुमेह्याने गोळ्या सोडून पेल्यातील पाणी प्यावे असे अनुमान काढणे, म्हणजे एका गावच्या हुंडीवर दुसऱ्या गावी पैसे मागण्यासारखे होय.

समोरासमोरची तुलना

औषध आणि पूरक आहार यांना एकाच तराजूत घालून पाहिले आहे काय? होय. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या वैद्यांनी २०२२ साली अशी एक चाचणी जाहीर केली. सुमारे १९० व्यक्तींचे गट पाडून एका गटास कोलेस्टेरॉल कमी करणारे रोझुव्हास्टॅटिन हे औषध केवळ पाच मिलिग्रॅम या अल्प मात्रेत दिले. इतर गटांस माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिज स्टेरॉल व लाल यीस्टचा तांदूळ हे सहा पूरक पदार्थ, प्रत्येक गटास एक याप्रमाणे, दिले. आणि एका गटास नुसती कोरी गोळी दिली. अठ्ठावीस दिवसांनी औषधाच्या गटातील घातक कोलेस्टेरॉल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. सहांपैकी एकाही पूरक पदार्थाचा परिणाम कोऱ्या गोळीहून लक्षणीय रीतीने अधिक आढळला नाही.

अमेरिकेतच 'व्हायटल' या नावाने झालेल्या व २०१८ साली जाहीर झालेल्या चाचणीत २५,८७१ व्यक्ती होत्या. ड जीवनसत्त्व अथवा माशाच्या तेलातील ओमेगा-३ वर्षानुवर्षे घेतल्याने कर्करोगाचे अथवा हृदयविकारादी मोठ्या आपत्तींचे एकूण प्रमाण कमी झाले नाही. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांच्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली आला; तो अधिक गंभीर होता. गाजरादी भाज्यांत असणारे बीटा कॅरोटीन गोळीच्या रूपाने देता फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. अन्नात जे हितकारक ते डबीत भरल्यावर हितकारक राहतेच, असे गृहीत धरता येत नाही.

वर उल्लेखिलेल्या लाल यीस्टच्या तांदळाविषयी आणखी एक गोष्ट. त्यातील एक द्रव्य हे लोव्हास्टॅटिन या औषधाशी तंतोतंत एकच आहे. म्हणजे 'औषध नको' म्हणून तो घेणारा मनुष्य औषधच घेत असतो. फक्त किती घेतो ते त्यास ठाऊक नसते. २०२४ साली जपानमध्ये अशाच एका उत्पादनामुळे अनेकांची मूत्रपिंडे बिघडली व ते उत्पादन बाजारातून परत घ्यावे लागले. बुरशी वाढविताना नको ते विष त्यात शिरले होते.

भूल कशी पडते

अण्णांसारखा चोख हिशेबी मनुष्य कसा फसला, हा प्रश्न आम्हांस फार दिवस सतावीत होता. त्याचे उत्तर आम्हांस आपल्याच वह्यांत सापडले.

सकाळची उपाशीपोटी साखर म्हणजे रोजमेळ. त्या दिवसाची शिल्लक ती सांगते. आदल्या रात्री जेवण हलके असेल तर आकडा चांगला दिसतो. मधुमेहाचा ताळेबंद म्हणजे एचबीए१सी ही तपासणी. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांना चिकटलेल्या साखरेवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. अण्णा रोजमेळ पाहत होते. ताळेबंद त्यांनी वर्षभर काढलाच नव्हता.

दुसरे कारण असे की, नवी डबी आणणारा मनुष्य त्याच सुमारास फिरावयास जाऊ लागतो व गोडही सोडतो. साखर उतरते ती पथ्याने. श्रेय मिळते डबीस. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. रक्तदाब व मधुमेह या व्याधी दुखत नाहीत. गोळी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, दुसऱ्या महिन्यातही होत नाही. इंग्लंडमध्ये ५,१०२ मधुमेह्यांचा दीर्घकाळ अभ्यास होऊन १९९८ साली जो निष्कर्ष आला, त्यात साखर काटेकोर आटोक्यात ठेवणाऱ्यांस डोळे, मूत्रपिंड आदींचे उपद्रव सुमारे पाव हिश्शाने कमी झाले. परंतु हा लाभ दिसावयास दहा वर्षांचा काळ जावा लागला. ज्या कर्जाचे व्याज दहा वर्षांनी एकदम वसूल होते, त्याची धास्ती ऋणकोस रोज वाटत नाही. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेहाने ग्रस्त आहेत. त्यांतील कित्येक अण्णा असतील!

पूरक आहार खरोखर केव्हा हवा

आता दुसरी बाजू. पूरक आहाराचा खरा उपयोग जगास ज्या घटनेने पटला, तीही मुंबईतीलच. डॉक्टर लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत संशोधन करू लागल्या. गिरणगावातील गरीब गरोदर स्त्रियांस होणारा एक घातक पांडुरोग हा त्यांचा विषय होता. मार्माइट नावाच्या यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटक म्हणजे आजचे फॉलिक ॲसिड. गरोदरपणी दिली जाणारी ती लहानशी गोळी मुंबईच्या कामकरी स्त्रियांच्या रक्तातून जन्मास आली, हे आपण विसरू नये. उणीव होती, ती ओळखली गेली, व भरून काढली गेली. पूरक आहाराचे हेच योग्य क्षेत्र होय.

आपणां शाकाहारी कुटुंबांस याहून जवळचा विषय म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते केवळ सूक्ष्मजंतू तयार करतात. धान्य, कडधान्य, भाजी, फळ यांत ते नसते. आपणांस ते मुख्यतः दूध, दही व ताक यांतून मिळते. रोजची गरज सुमारे दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी अल्प असली तरी ती भागली नाही तर पांडुरोग, हातापायांस मुंग्या, तोल जाणे, विस्मरण असे विकार संभवतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होते. आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. म्हणजे उणीव गरिबांचीच असते, ही समजूत खोटी ठरली.

येथे औषध व पूरक आहार यांची गाठ पडते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ चे शोषण घटते. शाकाहारी मधुमेह्याच्या पायांस मुंग्या आल्या तर त्या मधुमेहाच्या की ब-१२ च्या उणिवेच्या, हे रक्त तपासल्याविना कळत नाही. अशा रुग्णाने मेटफॉर्मिन सोडावयाचे नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ जोडावयाचे असते. औषधाच्या जागी पूरक आहार नव्हे, तर औषधाच्या जोडीस पूरक आहार, हे सूत्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

जोडीने घेता काय घडते

आपल्या फडताळावरील साध्या वस्तूही औषधाशी कशा वागतात याची काही उदाहरणे देतो.

ज्येष्ठमध अधिक प्रमाणात व सतत घेतल्यास रक्तदाब चढतो व शरीरातील पोटॅशियम उतरते. रक्तदाबाच्या रुग्णास काढ्यासाठी तो किलोकिलोने देऊ नये. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून जे विकले जाते त्यात पोटॅशियम असते. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, किंवा जे रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांच्या रक्तात ते साचून हृदयास धोका होऊ शकतो. मेथी-कारल्याची तीव्र चूर्णे साखर उतरविणाऱ्या गोळ्यांसोबत घेतली तर साखर एकाएकी फार खाली जाण्याचा संभव असतो. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतल्यास थायरॉइडच्या गोळीचे शोषण होत नाही. दोहोंत चार तासांचे अंतर हवे. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे थायरॉइड व हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडेच चुकीचे येतात. ड जीवनसत्त्वाची आठवड्यास एक घ्यावयाची साठ हजार एककांची पुडी रोज घेणारे काही निघतात. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात. गुळवेलीच्या सततच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेले रुग्ण मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली नोंदविले. हळदीच्या तीव्र कॅप्सूलांविषयीही अशा नोंदी अन्य देशांत झाल्या आहेत. भाजीतील हळद वेगळी व अर्क काढून शतपट केलेली हळद वेगळी.

अहिंसेचा प्रश्न

आपल्या समाजातील कित्येक बंधुभगिनी औषध सोडून पूरक आहाराकडे वळतात त्यामागे धर्मभावनाही असते, आणि तिचा अनादर करून चालणार नाही. मधुमेहावरील इन्सुलिन पूर्वी गाय व डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून काढीत असत. त्या काळी आपल्या वडीलधाऱ्यांनी जो मनःक्लेश सोसला तो खराच होता. परंतु १९८२ पासून जिवाणू व यीस्ट यांच्याद्वारे तयार केलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध झाले, आणि आज सर्वसाधारणपणे तेच वापरले जाते.

उलट ज्या डबीस आपण 'वनस्पतिजन्य' म्हणून निर्धास्तपणे हात लावतो, तीत काय असते? कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. ओमेगा-३ बहुधा माशाच्या तेलाचे असते. ड-३ जीवनसत्त्व बहुतेक मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. पूरक आहार कायद्याने अन्न असल्यामुळे त्यावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह असते किंवा नसते. ते पाहून घ्यावे. औषधाच्या वेष्टनावर असे चिन्ह सहसा मिळत नाही, म्हणून डॉक्टरांस व औषधविक्रेत्यास स्पष्ट विचारावे. त्याच औषधाची साधी गोळी किंवा वनस्पतिज कवचाचे कॅप्सूल अनेकदा मिळते. शंका असल्यास औषध बदलून घ्यावे, बंद करू नये.

विक्रेत्याचे कर्तव्य

१९५४ साली आपल्या संसदेने औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, मोतीबिंदू अशा पन्नासहून अधिक व्याधींची यादी त्यास जोडली आहे. या व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. 'जाहिरात' या शब्दात लेबल, वेष्टन व पत्रक तर येतेच, परंतु तोंडी केलेली घोषणाही येते. अन्न सुरक्षा कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा "पुष्कळ लोक नेतात, गुण येतो म्हणतात" हे आमचे वाक्य किती सहज होते व किती जोखमीचे होते, ते वाचकांनीच ठरवावे.

कायदा बाजूस ठेवला तरी आपल्या आचारधर्माने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिला 'मिथ्योपदेश' हा आहे. खोटे वजन व भेसळ हे अतिचार आपण व्यापारी चांगले ओळखतो व टाळतो. परंतु आपल्यास ठाऊक नसलेल्या गोष्टीविषयी गिऱ्हाइकास दिलेला सल्ला हाही अतिचारच होय, हे आम्ही विसरलो होतो.

म्हणून आमच्या दुकानी आम्ही पुढील नियम पाळू लागलो आहोत. ज्या सदस्यबंधूंस पटतील त्यांनी ते स्वीकारावेत.

१. कोणत्याही डबीविषयी 'अमुक रोगावर गुणकारी' असे बोलावयाचे नाही. गिऱ्हाइकाने विचारल्यास मागील सूचना वाचून दाखवावयाची.

२. मधुमेह, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड अथवा थायरॉइडचे औषध चालू आहे काय, हे विचारावयाचे. असल्यास डबी प्रथम डॉक्टरांस दाखविण्यास सांगावयाचे.

३. ज्यावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, घटकांचे प्रमाण व मुदत नाही, असा माल ठेवावयाचा नाही. 'पूर्ण आयुर्वेदिक' म्हणून सुटे विकले जाणारे साखरेचे चूर्ण तर मुळीच नाही. अशा चूर्णांत साखर उतरविणारी औषधे अथवा स्टेरॉइड मिसळलेली अनेकदा आढळली आहेत.

४. घरातील प्रत्येक रुग्णाची एक यादी असावी. तीत गोळ्यांबरोबर चूर्णे, काढे व जीवनसत्त्वेही लिहावीत, आणि ती दर भेटीस डॉक्टरांपुढे ठेवावी.

५. खर्च झेपत नाही म्हणून औषध सोडण्याची पाळी आली असेल तर तसे मोकळेपणी सांगावे. जनऔषधी केंद्रांतून नित्याची बहुतेक औषधे मूळ नावाने पुष्कळच स्वस्त मिळतात. चार दानांत औषधदान आपल्याकडे श्रेष्ठ मानिले आहे. ते आपण शिबिरांतून करतोच. एखाद्या गरजू शेजाऱ्याच्या नित्याच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च उचलणे, हेही तेच दान होय.

अण्णा आता काठी घेऊन हिंडतात. गोळ्या नियमाने घेतात, दर तीन महिन्यांनी 'ताळेबंद' काढतात, आणि तो कागद आमच्या गल्ल्यावर ठेवून त्यातील आकडा आम्हांस मोठ्याने वाचावयास लावतात. गेल्या खेपेस आकडा चांगला होता. काकूंनी परत केलेली डबी आम्ही टाकून दिलेली नाही. ती फडताळाच्या मागे, आम्हांसच दिसेल अशी ठेवली आहे. मागील बाजू पुढे करून.